तोंड झाकलं तरी चालेल, नाव उघडं पाहिजे! रोबोटचा वेष घालून समाजसेवा करतात तरी कशी?

केज : शाळेचं गॅदरिंग जवळ आलं की गावात पुठ्ठ्याचे खोके शोधायला सुरुवात होते. टीव्हीच्या खोक्याला डोळ्यांपुरती दोन भोकं, वरून चंदेरी कागद, छातीवर लाल-हिरवे बल्ब, की झाला रोबोट तयार! पाच मिनिटं स्टेजवर टाळ्या मिळतात आणि दुसऱ्या दिवशी तो रोबोट माळवदावर पडतो, नाही तर चुलीत जातो.

जगात मात्र असाच वेष घालून वर्षभर समाजसेवा करणारे हजारो लोक आहेत. कुणी नोकरदार, कुणी दुकानदार, कुणी शिक्षक. सुटीच्या दिवशी हे लोक विज्ञानकथेतला सैनिक, रोबोट किंवा अंतराळवीर होतात आणि मुलांच्या दवाखान्यात, शाळेत, देणगीच्या कार्यक्रमात जातात. एक रुपया मोबदला घेत नाहीत. पोशाखाचा खर्चही स्वतःच करतात.

हे काम चालतं कसं, त्याने खरंच काही फरक पडतो का, केज तालुक्यात ते करता येईल का आणि करताना कोणती चूक जिवावर बेतू शकते, याची ही माहिती.

पांढऱ्या चिलखतातली पलटण

या कामातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे '५०१वी लीजन'. लीजन म्हणजे पलटण. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात राहणारे अल्बिन जॉन्सन यांनी १९९७ मध्ये ती सुरू केली. त्याआधी १९९४ मध्ये त्यांचा मोटार अपघात झाला होता आणि त्यात पुढे त्यांना एक पाय गमवावा लागला. त्यांना 'स्टार वॉर्स' या अंतराळातल्या लढायांच्या चित्रपटांचं वेड होतं. या मालिकेतला पहिला चित्रपट १९७७ मध्ये आला. त्यात खलनायकाच्या फौजेत पांढऱ्या चिलखतातले, तोंड पूर्ण झाकलेले सैनिक असतात. त्यांना 'स्टॉर्मट्रूपर' म्हणतात. जॉन्सन आणि त्यांच्या एका मित्राने तसा पोशाख घातला, लोकांना तो आवडला, इंटरनेटवरून आणखी हौशी मंडळी जोडली गेली आणि पलटण उभी राहिली.

आज अनेक देशांत मिळून या पलटणीचे दहा हजारांहून जास्त सभासद आहेत. वेष वाईटांचा, काम चांगलं, अशी त्यांची ओळख आहे. आजारी मुलांना भेटणं, ग्रंथालयाच्या कार्यक्रमाला जाणं, देणगीसाठीच्या दौडीत उभं राहणं ही त्यांची नेहमीची कामं.

या पलटणीचे तीन नियम लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला, पोशाख प्रत्येकाने आपल्या खर्चाने करायचा आणि तो ठरलेल्या मापात बसतो की नाही, हे तपासल्याशिवाय सभासदत्व नाही. दुसरा, कार्यक्रमाला जाण्याची फी घ्यायची नाही. आयोजकांना काही द्यायचंच असेल, तर त्यांनी ते एखाद्या सेवाभावी संस्थेला द्यावं. याला कायद्याचीही बाजू आहे. ही पात्रं मूळ चित्रपट कंपनीच्या मालकीची आहेत, त्यामुळे त्यांच्या जिवावर कमाई करता येत नाही. तिसरा, वेषधारी माणसाबरोबर साध्या कपड्यातला एक सोबती असतो. शिरस्त्राणातून नीट दिसत नाही, ऐकू कमी येतं. पायात लहान मूल आलं तरी कळत नाही. म्हणून डोळे आणि कान सोबत्याचे. या तिसऱ्या नियमाकडे पुढे परत यायचं आहे.

गुलाबी रोबोट

या पलटणीची सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट जॉन्सन यांच्या घरातलीच आहे. त्यांच्या लहान मुलीला २००४ मध्ये मेंदूचा ट्यूमर असल्याचं कळलं. 'स्टार वॉर्स'मध्ये 'आर टू-डी टू' नावाचा ड्रमासारखा बुटका रोबोट आहे. आपण झोपल्यावर असा रोबोट आपल्याजवळ राखण करायला असावा, असं त्या मुलीला वाटायचं. रोबोट बनवणाऱ्या हौशी मंडळींनी तिच्यासाठी गुलाबी रंगाचा रोबोट तयार करून दिला. २००५ मध्ये तिने तो पाहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती गेली.

रोबोट मात्र थांबला नाही. 'आर टू-केटी' या नावाने तो मुलांच्या दवाखान्यांत आणि देणगीच्या कार्यक्रमांत फिरत राहिला. २०१५ मध्ये आलेल्या 'स्टार वॉर्स'च्या चित्रपटातही त्याला जागा मिळाली. रोबोटने मुलीचा आजार बरा केला नाही, तसा दावाही कुणी केला नाही. पण आजारी लेकराच्या उशाशी कुणीतरी आहे, एवढा आधार तरी त्याने दिला. वेष घालून केलेल्या सेवेकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच.

ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट तर शेतकऱ्यांना लगेच पटेल अशी आहे. स्कॉट लॉक्सली नावाचे गृहस्थ मेलबर्नच्या मोनाश बाल रुग्णालयासाठी देणगी गोळा करायला २०१३ मध्ये पायी निघाले. अंगावर स्टॉर्मट्रूपरचं पांढरं चिलखत. ऑस्ट्रेलियाला पायी वळसा घालत ते २०१५ मध्ये परत आले. वाटेत एका विषारी सापाने त्यांच्या पायावर दंश केला. दात प्लास्टिकच्या चिलखतावर आपटले आणि माणूस वाचला! चित्रपटात या सैनिकांचं चिलखत काही कामाचं नसतं, अशी थट्टा होते. इथे मात्र ते कामी आलं.

आपल्याकडेही हे झालेलं आहे

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे कोण करतंय, असं वाटू शकतं. पण उदाहरणं जवळची आहेत.

सप्टेंबर २०१९ मध्ये 'चांद्रयान-२' चंद्राजवळ पोहोचत होतं. त्याच आठवड्यात शेजारच्या कर्नाटकात, बेंगळुरूमध्ये, कलाकार बादल नंजुंदस्वामी यांनी एक व्हिडिओ टाकला. अंतराळवीराच्या पोशाखातला माणूस चंद्रावर चालावं तसा हळूहळू पावलं टाकतोय. जमीन खड्ड्याखड्ड्यांची. तेवढ्यात बाजूने ऑटोरिक्षा जाते आणि कळतं, हा चंद्र नाही, शहरातला रस्ता आहे! व्हिडिओ देशभर फिरला आणि महापालिकेने लगेच खड्डे बुजवायला माणसं लावली. किती निवेदनं देऊन होत नाही, ते एका पोशाखाने झालं.

मुंबईत नोव्हेंबर २०१९ मध्ये पश्चिम रेल्वे आणि रेल्वे सुरक्षा दलाने रूळ ओलांडणाऱ्यांना अडवायला चक्क यमराज उभा केला. कुणी रुळावर उतरलं की यमराज त्याला खांद्यावर उचलून बाहेर आणायचा. मार्च २०२० मध्ये चेन्नईत एका पोलीस निरीक्षकाने कोरोना विषाणूच्या आकाराचं हेल्मेट घालून रस्त्यावरच्या लोकांना घरी जायला सांगितलं. दंडाच्या पावतीने जे डोक्यात शिरत नाही, ते कधी कधी वेषाने शिरतं.

आणि खरं सांगायचं तर ही कला आपल्याला नवी नाहीच. बहुरूपी, ज्याला मराठवाड्यात रायरंद म्हणूनही ओळखतात, पिढ्यानपिढ्या हेच करत आला. आज पोलीस, उद्या देव, परवा आणखी कुणी. तो लोकांना आधी दचकवतो, मग हसवतो आणि शेवटी आपण बहुरूपी असल्याचं सांगून धान्य, पैसे मागतो. त्याचं ते पोट आहे. वेषधारी स्वयंसेवक मोबदला घेत नाही, एवढाच फरक. वेष घालायचा, खेळ करायचा आणि शेवटी ओळख उघड करायची, ही रीत मात्र एकच.

वेषाने नेमकं होतं काय?

दवाखान्यात आठ दिवस पडून असलेल्या लेकराचा विचार करा. येणारा प्रत्येक मोठा माणूस त्याला काहीतरी करायला लावतो. हात पुढे कर, तोंड उघड, रडू नको, गोळी घे. पाहुणे येतात आणि लेकरासमोरच त्याच्या आजाराबद्दल बोलतात. लेकराला विचारत कुणीच नाही.

अशा वेळी दारात एक रोबोट उभा राहतो. त्याला धड चालता येत नाही. तो विचारतो, "माझी बॅटरी उतरली. बटण कुठं आहे?" लेकरू बोट दाखवतं. रोबोट चुकीचं बटण दाबतो. लेकरू हसतं आणि म्हणतं, "ते नाही, दुसरं!" आता हुकूम लेकराचा आणि ऐकणारा रोबोट. कित्येक दिवसांनी लेकराच्या हातात काहीतरी सत्ता आली. वेषाची खरी कामगिरी ही. तो बोलायला विषय देतो आणि लहान मुलाला थोडा वेळ मोठं करतो.

मोठ्यांच्या कार्यक्रमात वेषाचं काम वेगळं असतं. तिथे तो लोकांना थांबवतो. रक्तदान शिबिराच्या बॅनरकडे माणूस बघून न बघितल्यासारखं करतो. पण बॅनरजवळ रोबोट उभा असेल, तर आधी पोरं थांबतात, मग पोरांमुळे आईबाप थांबतात. थांबलेल्या माणसाला माहिती सांगता येते.

पण वेषाचा उलटा परिणामही होतो. दोन-तीन वर्षांचं मूल झाकलेल्या तोंडाला घाबरतं, कारण त्याला अजून चेहरा बघूनच माणूस ओळखता येतो. मोठी मुलं वेषावर नको तेवढा विश्वास ठेवतात. १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाली, तेव्हा शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. मग मालिकेच्या शेवटी मुकेश खन्ना मुलांना समजावून सांगू लागले. म्हणून वेषधारी माणसाने "मी उडतो", "मी तुला बरं करतो" असलं काही बोलायचं नाही. खेळ संपताना शिरस्त्राण काढायचं, नाव सांगायचं, हसायचं. खोटं तेवढं वेषात राहू द्यायचं, बोलण्यात नाही.

एकीकडे विडा, दुसरीकडे राईनपाडा

केज तालुक्यातल्या विडा गावची धुळवड सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. गावच्या जावयाला गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात आणि वाजतगाजत मिरवणूक काढतात. शेवटी त्याला कपड्यांचा आहेर होतो. बाहेरच्याला वाटेल, हा तर अपमान! पण तिथे कुणी कुणाला मारत नाही, कारण गाढवावर कोण बसलाय हे सगळ्यांना माहीत असतं. तो कुणाचा जावई, कुठल्या गावचा, सगळं उघड. थट्टा चालते ती ओळखीच्या जोरावर.

आता दुसरी बाजू. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, राईनपाडा गाव. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. जमावाने त्यांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही निरपराध होते. त्या काळात देशात अशा अनेक घटना घडल्या आणि त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणली.

त्या पाच जणांनी तर तोंडही झाकलेलं नव्हतं. तरी अनोळखी म्हणून जीव गेला. मग तोंड पूर्ण झाकून, खाऊ हातात घेऊन, न सांगता परक्या गावात मुलांजवळ जाणाऱ्या हौशी रोबोटचं काय होईल, याचा विचार आधी करायला हवा. आणि गावकऱ्यांची काळजीही खोटी नाही. मुलांपर्यंत पोहोचायला वाईट माणूसही वेषाचा आधार घेऊ शकतो. म्हणून या कामाचा पहिला नियम पोशाखाचा नाही, ओळखीचा आहे. तोंड झाकलं तरी चालेल, नाव उघडं पाहिजे.

जाण्याआधी काय करायचं?

परवानगी लेखी घ्या. शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची. दवाखान्यात वैद्यकीय अधीक्षकांची. गावात कार्यक्रम असेल तर ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना आधी सांगा, पोलीस ठाण्यातही कळवून ठेवा. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक दिवस आधी वेष घातलेला आणि वेष काढलेला असे दोन्ही फोटो नाव-गावासह टाका. अफवा ज्या वाटेने येते, त्याच वाटेने खरी माहिती आधी पोहोचली पाहिजे.

साध्या कपड्यातला सोबती कायम बरोबर ठेवा. तो शक्यतो त्याच गावातला, लोकांच्या ओळखीचा असावा. गळ्यात ओळखपत्र, हातात परवानगीचं पत्र. कुणी विचारलं तर चिडायचं नाही, पत्र दाखवायचं. विचारणारा माणूस लेकरांची काळजी करतोय.

मुलासोबत एकट्याने कधीच थांबायचं नाही. आई-वडील, शिक्षक किंवा नर्स यांच्यापैकी कुणीतरी समोर हवं. मुलाला उचलायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही. आधी लांबून हात हलवायचा, मग गुडघ्यावर बसून त्याच्या उंचीला यायचं. मूल मागे सरकलं तर आपणही मागे सरकायचं. खाऊ द्यायचा असेल तर पालकांच्या किंवा शिक्षकांच्या हाती द्यायचा. दवाखान्यात तर नर्सला विचारल्याशिवाय काहीच खायला द्यायचं नाही. मुलाबाबत काही गैरप्रकार दिसला किंवा शंका आली, तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, तातडीची वेळ असेल तर ११२.

आजारी मुलाचा फोटो स्टेटसला टाकू नये. पालकांनी होकार दिला तरी दहादा विचार करावा. मूल बरं होऊन मोठं होईल, शाळेत जाईल, पण त्याचा डोक्यावरचे केस गेलेला फोटो तालुकाभर फिरत राहील. फोटो हवाच असेल तर तो पालकांच्या मोबाइलमध्ये काढून त्यांच्याकडेच राहू द्यावा.

दवाखान्याचे नियम आणखी कडक. सर्दी-खोकला, ताप असेल तर त्या दिवशी जायचं नाही. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असते. आपली साधी सर्दी त्यांना महागात पडू शकते. पोशाख पुसता किंवा धुता येईल असाच हवा. हात साबणाने धुऊनच आत जायचं. आणि वॉर्डात शेवटचा शब्द सिस्टरचा.

पोशाख कसा करायचा?

परदेशातून चिलखत मागवायची गरज नाही, पैसाही घालवू नये. पुठ्ठा, फोमच्या चटया, जुनं दुचाकीचं हेल्मेट, पाइपचे तुकडे, चंदेरी रंग आणि सेलवर चालणारे छोटे एलईडी दिवे एवढ्यात चांगला रोबोट होतो. फोमचे तुकडे ग्लू गनने छान चिकटतात. थर्माकोल टाळा. तो लगेच पेट घेतो आणि सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पोशाखात घरची लाइट जोडायची नाही, फक्त सेल. टोकदार कडा, खिळे, तार बाहेर नको. दिव्या-उदबत्तीजवळ आणि फटाक्यांजवळ जायचं नाही.

उन्हाचं भान सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. फोमच्या आत हवा खेळत नाही, घाम सुकत नाही, अंग तापतं. म्हणून असे कार्यक्रम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणि सावलीत ठेवावेत. वीस मिनिटं वेष, मग विश्रांती आणि पाणी. चक्कर, मळमळ किंवा डोकं दुखायला लागलं की खेळ तिथेच थांबवून शिरस्त्राण काढायचं. शिरस्त्राण दोन हातांनी पटकन निघेल असंच बांधा, मागून दुसऱ्याने सोडावं लागेल असं नको.

वेष कुणाचा घ्यायचा, यातही अक्कल लागते. खऱ्या पोलिसाचा किंवा सैनिकाचा गणवेश नको. लबाडीच्या हेतूने सरकारी नोकराचा पोशाख घालणं किंवा सरकारी नोकर असल्याचं भासवणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम २०४ आणि २०५ आहे. हेतू चांगला असला तरी गैरसमज कशाला ओढवून घ्यायचा? खेळण्यातली बंदूकही नको. दुसऱ्याच्या चित्रपटातलं पात्र घेऊन तिकीट लावणं किंवा जाहिरात करणंही टाळावं.

त्यापेक्षा आपलाच रोबोट तयार करावा. मराठीत विज्ञानकथा काही कमी नाहीत. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी आपली पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, तीही नाव बदलून, नारायण विनायक जगताप या नावाने. नावाकडे बघून बक्षीस मिळू नये, हा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग खरं नाव सगळ्यांना कळलं. एवढ्या मोठ्या माणसानेही टोपणनाव घेतलं, पण काम झाल्यावर ओळख लपवली नाही.

आपला रोबोट आपल्या बोलीत बोलला तर लेकरांना जास्त आवडेल. "म्या मंगळावरून आलो, तिथं पाऊस न्हाई, बोअर बी न्हाई" असं म्हणणारा रोबोट पाणी वाचवायचा विषय कुठल्याही भाषणापेक्षा लवकर पोहोचवेल.

पैशाचा हिशेब

पैसा आला की शंका येते. डबा घेऊन फिरणाऱ्या रोबोटवर कुणी विश्वास ठेवावा? लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी.

सोपा मार्ग म्हणजे पैशाला हातच लावायचा नाही. देणाऱ्याने थेट शाळेला, रुग्णालयाला किंवा नोंदणी असलेल्या संस्थेला द्यावं आणि पावती घ्यावी. रोबोटने फक्त लोकांना तिथपर्यंत आणावं. ५०१वी पलटण हेच करते आणि म्हणूनच एवढी वर्षं टिकली आहे. पुढाऱ्याचं नाव, पक्षाचा झेंडा, दुकानाची जाहिरात पोशाखावर आली की सेवा संपली, प्रचार सुरू झाला, हेही लक्षात ठेवावं.

केजमध्ये कुठे करता येईल?

पल्स पोलिओचा रविवार असतो. बूथवर लेकरांना आणायला आशाताई दारोदार फिरतात. बूथजवळ एक रोबोट उभा राहिला तर पोरं आपणहून येतील. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, शाळांना तेव्हा कार्यक्रम हवाच असतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आजूबाजूच्या तालुक्यांतली लेकरं तिथे उपचाराला जातात. परवानगी मिळाली, तर महिन्यातून एक तासही पुरेसा आहे. तो मात्र दर महिन्याला व्हायला हवा. एकदा येऊन फोटो काढून गायब होणाऱ्या रोबोटपेक्षा न आलेला रोबोट बरा, कारण लेकरू वाट बघतं.

आणि सगळ्यात जवळची जागा म्हणजे हंगामी वसतिगृह. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. आई-बाप चार-सहा महिने फडावर असतात. लेकरांची शाळा सुटू नये म्हणून गावातच त्यांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय केली जाते. काही लेकरं आजीकडे राहतात, काही फडावरच जातात. जी मागे राहतात, त्यांना संध्याकाळी आईची आठवण येते. त्या मुलांसाठी कुणी रोबोट होऊन आला, शाळा सोडू नको म्हणाला, पाढे म्हणायला लावून स्वतः मुद्दाम चुकला, तर ती संध्याकाळ थोडी लवकर जाईल.

हा रोबोट बाहेरून आणायची गरज नाही. गावातलाच एखादा कॉलेजचा पोरगा, एखादी अंगणवाडीताई, एखादा शिंपी तो होऊ शकतो. आत कोण आहे हे गावाला माहीत असेल, शिक्षकांना माहीत असेल, आणि खेळ संपल्यावर शिरस्त्राण निघेल तेव्हा लेकरांनाही कळेल. "अय्यो, हे तर आपलंच माणूस!" असं एखादं पोरगं ओरडलं, की समजावं, काम झालं.